मामांच्या खिशातला फ्यूज

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांचा या जगात दोनच गोष्टींवर विश्वास आहे. एक म्हणजे दहा-अकराचा पाना, आणि दुसरी म्हणजे कुणीतरी आपल्याला फसवतंय ही खात्री. बाकी सगळं त्यांच्या लेखी संशयित. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला की मामा पट्टा सोडून डॉक्टरांपुढे धरतात, ''आता तुमचा मोजा. मशीन बराबर हाय का कळू द्या.'' कलिंगडवाल्यानं खाप काढून लालभडक गर दाखवला तर म्हणतात, ''दुसऱ्या अंगानं काप.'' आमच्या लग्नात मी मुंडावळ्या बांधून पाटावर बसलो होतो, सगळ्या जगातले नवरदेव बसतात तसा मान खाली घालून. मामा वाकले आणि माझ्या कानात म्हणाले, ''पावणं, एवढं गप का? काय लपवताय?'' मी काहीही लपवत नव्हतो, पण त्या क्षणापासून मलाच वाटायला लागलं की आपण काहीतरी लपवतोय. आजही त्यांच्यासमोर गेलो की मी उगाच दोन्ही हात खिशाबाहेर ठेवतो.

मूळचे कडेगावकडचे, पण फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवून मामा माधवनगरला स्थायिक झाले. घरामागं पत्र्याचं शेड, आणि शेडमध्ये त्यांची गाडी. पूर्वी सरकारी साहेबांकडे असायची तसली पांढरी, गोल पाठीची मोटार, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. ती उभी केली की मामा बॉनेट उघडून एक बारकासा फ्यूज काढून खिशात टाकणार, म्हणजे चोराला ती चालू करता येऊ नये. स्वतःच्या अंगणात, फाटकाला कुलूप असताना! आजकालच्या गाड्यांचं इंजिन आडवं असतं आणि पुढचीच चाकं गाडी ओढतात, हा तर मामांच्या मते उघड उघड कट आहे. ''म्होरल्या चाकांनीच वढायचं आन् त्यांनीच वळायचं! एकाच गड्याला नांगर बी धरायला लावायचा आन् पाणी बी पाजायला लावायचं व्हय?'' मी एकदा सहज म्हणालो, मामा, बैलही पुढूनच ओढतो की. मामांनी हातातला पाना खाली ठेवला. ''हे तुमाला कुणी सांगितलं?''

बैलाचं नाव काढायला नको होतं, हे मला नंतर कळलं. मामींचं माहेर साताऱ्याच्या वर, यवतेश्वरचा घाट चढून पलीकडे. फौजेतून सुटून आल्यावर मामांनी ही गाडी घेतली आणि पहिल्याच दिवाळीला मामींना मोठ्या मानानं माहेरी न्यायला निघाले. घाटातल्या एका वळणावर इंजिननं वाफ सोडली ती सोडलीच. मामी नव्या साडीत उतरल्या आणि उरलेला घाट पायी चढल्या. मागून त्यांचे भाऊ बैलजोडी घेऊन खाली आले आणि जावयाची मोटार कासऱ्याला बांधून गावात नेली. सगळं गाव बघायला जमलं होतं म्हणे. पुढची कैक वर्षं मामी एसटीनंच माहेरी जात राहिल्या. मग त्यांचे गुडघे गेले आणि एसटीची पायरी चढणं संपलं. भाऊ म्हणाला गाडी पाठवतो, मी म्हणालो मी सोडतो. मामींनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, ''जाईन तर हेंच्याच गाडीतनं जाईन. आन् मधी उतरणार न्हाई.'' असं बोलून माणूस मोकळं होतं, पण ऐकणाऱ्याला झोप लागत नाही.

अशात माझ्या छोट्या गाडीला उसाच्या ट्रॉलीनं मागून धडक दिली. डिकी पार मागच्या सीटवर आली. मी वाचलो. मामा बघायला आले ते थेट बॉनेटकडे गेले, इंजिनवर हात फिरवला, मग आठवण झाल्यासारखं माझ्याकडे वळून म्हणाले, ''तुमाला काय झालं न्हाई न्हवं? बरं झालं. हे मला द्या.'' त्या इंजिनला टर्बो होता. म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुरानं एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जादा हवा कोंबतो, त्यामुळं एवढंसं इंजिन मोठ्याचा जोर दाखवतं. मामांना टर्बोचाही संशय होताच. ''फुकटची हवा? फुकट कोन देतंय ओ आजकाल?'' पण घाटातलं ते वळण त्यांच्या डोळ्यांपुढं होतं. आडवं इंजिन उभं करायचं, जुन्या गिअरबॉक्सला जोडायचं आणि त्याचा जोर मागच्या चाकांना द्यायचा, असं ठरलं.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक जाड लोखंडी प्लेट लागते. तिची अर्धी भोकं इंजिनला जुळली पाहिजेत, अर्धी गिअरबॉक्सला. शहाणा माणूस ती एका लेथवाल्याकडून करून घेईल. मामांनी कुपवाडच्या दोन टोकांचे दोन लेथवाले गाठले. एकाला इंजिनकडची भोकं सांगितली आणि दुसऱ्याला गिअरबॉक्सकडची. ''एकालाच सगळं कळलं तर उद्या बोर्ड लावून बसंल,'' हे कारण. कागदावर नाव ठोकलं 'पाण्याची मोटर'. प्लेट इकडून तिकडं न्यायचं काम माझं, तेही गोणपाटात गुंडाळून. दुसऱ्याच फेरीला त्या दोघांतल्या चष्मेवाल्या मिस्त्रींनी गोणपाट सोडलं, प्लेट उजेडात धरली आणि हसले. ''मामांस्नी सांगू नका बरं का पावणं. त्यांची निम्मी भोकं मी पाडतोय, निम्मी तिकडचा रफिकभाई. आमी दोघं रोज एकाच गाडीवरनं घरी जातोय. न्हाईतर ही भोकं या जन्मात जुळायची न्हाईत.'' अख्ख्या कुपवाडला माहीत होतं मामा काय करताहेत ते. चहाच्या टपरीवर त्यावर रोज चर्चा व्हायची. प्लेट पहिल्या फटक्यात चपखल बसली तेव्हा मामा मात्र माझ्याकडे संशयानं बघत म्हणाले, ''एवढं बराबर कसं काय बसलं?'' मी हात खिशाबाहेर काढले.

आरटीओच्या साहेबांनी नवं इंजिन तपासून बदलाच्या कागदावर सही केली, तर मामांना तीच खोटी वाटली. उन्हात धरून बघितली त्यांनी. मागच्या चाकांचं काम मात्र त्यांनी कुणालाच दाखवलं नाही. नव्या जोराला चाकं फिरवणारा जुना दातेरी भाग टिकणार नाही म्हणून दुसरा आणला आणि शेडचं दार आतून लावून, खिडकीला पोतं बांधून एकट्यानं बसवला.

दसऱ्याला गाडी बाहेर काढली. मामींनी हार घातला, ओवाळलं, पुढच्या चाकांखाली दोन लिंबं ठेवली आणि मागच्या सीटवर माहेरची साडी सावरून बसल्या. मामांनी पहिला गिअर टाकला. गाडीनं अशी काही उसळी घेतली म्हणता, पण मागं! शेजाऱ्यांची वाळत घातलेली धुणी पाठीवर घेऊन ती थेट कुंपणात घुसली. मामांनी दुसरा गिअर टाकला. आणखी मागं. चारही गिअर मागं जाणारे आणि रिव्हर्स तेवढा पुढं. दातेरी भाग उलट्या अंगानं बसला होता. मामा उतरले, पुढं येऊन वाकले आणि ती दोन धडधाकट लिंबं बघून ओरडले, ''लिंबं कुणी बदलली?''

''लिंबं न्हाई बदलली कुणी, तुमचं डोस्कं फिरलंय,'' मामी आतून म्हणाल्या. मग दार धरून, एकेक गुडघा सरळ करत उतरल्या. ''परत उतरवलंत न्हवं मला.'' एवढंच म्हणून घरात गेल्या आणि साडी बदलून टाकली. आम्ही हसत होतो ते कुंपणातली धुणी सोडवायला लागलो. मामा चाकाशी उकिडवे बसले. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, ''त्या चष्मेवाल्याला बोलवा. एकट्यालाच.'' अर्ध्या तासात चष्मेवाले मिस्त्री आणि रफिकभाई एकाच मोटरसायकलवर हजर. मामांनी दोघांना आळीपाळीनं न्याहाळलं. ''तुमची वळख हाय?'' ''आत्ताच वाटंत झाली,'' मिस्त्री म्हणाले. मामांनी उठून शेडचं दार उघडलं, खिडकीचं पोतं सोडलं आणि बाजूला सरकून त्यांना आत जागा दिली.

दिवाळीला आम्ही निघालो. मामा चालवत होते, मी शेजारी पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन, मामी मागं. सातारा सोडला, घाट लागला. गाडी हं म्हणून चढत होती आणि मामांचा चेहरा उतरत चालला होता. एवढं सुरळीत त्यांच्या आयुष्यात कधी काही झालंच नव्हतं. ते वळण दिसलं आणि त्यांचा ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप वर आला. ''इंजिन वायलं बोलतंय, आवाज बदललाय. जरा थांबून बघू.'' मागून मामींचा आवाज आला, ''आवं, दाबा की! बोलू द्या त्याला.'' मामांनी दाबलं. टर्बोनं शिट्टी मारली आणि ते वळण मागं पडलं. माहेरच्या दारात भाऊ उभा होता, बैल कुठंच नव्हते. भावानं दार उघडलं तरी मामी पाव तास उतरल्याच नाहीत. ''बसू द्या की जरा,'' म्हणत सगळ्या गावाला दिसतील अशा काचेपाशी बसून राहिल्या. आणि मामा फ्यूज काढायला विसरले. गाडी दोन दिवस तशीच रस्त्यावर उभी होती.

मामी गेल्या वर्षी गेल्या. तेराव्यानंतर काही दिवसांनी मामा सांगलीला माझ्याकडे आले आणि बोटाच्या पेराएवढा गाडीचा निळा फ्यूज टेबलावर ठेवला. मला वाटलं, इतक्या वर्षांनी विश्वास बसला आपल्यावर. तसं म्हणालोही. ''इश्वासाचं काय न्हाई त्यात,'' मामा म्हणाले. ''माझाच मला भरवसा न्हाई ऱ्हायला. परवा गाडी काढली, पार घाटात गेलो. वळान आलं, तवा मागं बघून म्हनलो, नीट बस, वळतोय.'' एवढं सांगून ते चहाही तसाच ठेवून गेले.

असला फ्यूज कुठल्याही दुकानात मिळतो, हे मामांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण ते दुसरा आणत नाहीत. दर रविवारी सकाळी फोन येतो. ''हाय का?'' मी म्हणतो, आहे मामा. ''उठून बघा आन् मग सांगा.'' मी उठतो, टेबलाचा खण उघडतो, बघतो आणि मग सांगतो.