रविवारचा बैल

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमाराची गोष्ट. आगाशीजवळ आमच्या केळीच्या वाडीला लागून मामांची वाडी होती. सगळे त्यांना मामाच म्हणत. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही घरी पोचेपर्यंत त्यांचा विहिरीवरचा रहाट कुरकुरायला लागलेला असे. आईने एकदा टोकलंच, "मामा, आज देवाचा दिवस ना?"

"अगं, येशूनेच सांगितलंय," मामा म्हणाले. "शब्बाथालासुद्धा विहिरीत पडलेला बैल काढायचा. मी तो पडायची वाट कशाला बघू? आधीच पाणी कमी करतो."

त्यांच्याकडे प्रत्येक अडचणीला वचन तयार असे. दुसरा गाल पुढे करायचं तेवढं ते इतरांसाठी राखून ठेवत. यावरून मी त्यांची थट्टा करत असे.

एका रविवारी आमचाच बैल विहिरीत पडला. मामा चर्चच्या कोटासकट आत उतरले आणि दुपारपर्यंत दोराशी झुंजले. तोंडातून एक वचन नाही. बैल वर आला तेव्हा मला माझ्या थट्टेची लाज वाटली.

ती आठवडाभर टिकली. पुढच्या रविवारी घरी येतो, तर मामांच्या रहाटाला आमचा बैल जुंपलेला!

"विहिरीला बुजलाय रे बिचारा," मामा कळवळून म्हणाले. "'भिऊ नका' म्हटलंय ना येशूने?"