थोरल्या साडूंची सुपारी

माझ्या थोरल्या साडूंइतका बोलणारा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर झाला नाही. सायखेड्याला त्यांच्या घरी पंगत उठली की ते कमरेचा अडकित्ता काढत, प्रत्येकाच्या तळहातावर आपल्या हातानं सुपारी ठेवत आणि स्वतःच्या गालात एक खांड कोंबून गोष्ट सुरू करत. ठसका लागला तरी गोष्ट थांबत नसे. "आधी तोंड तरी रिकामं करा," त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, करवादायची. "रिकाम्या तोंडाला कोन इचारतं?" म्हणून हे पुढे चालू.

एका दिवाळीत असाच जोराचा ठसका लागला आणि मग खोकला काही हटेना. एक्स-रेत छातीवर डाग दिसला. थुंकीत काही सापडलं नाही, तरी गावच्या डॉक्टरांनी क्षयाची इंजेक्शनं सुरू केली आणि उरलेलं काम घरानं उरकलं. साडूंचं ताट-तांब्या वेगळं झालं, खाट गोठ्याशेजारी गेली. ज्या धाकट्या भावांना त्यांनी पोटच्या पोरांसारखं वाढवलं, त्यातला एक भर पंगतीत म्हणाला, "दादा, तुमी सुपारी नका वाटू आता. लेकरं हायेत घरात." त्या वाक्याचा मला आजही संताप येतो. साडूंनी अडकित्ता कमरेला खोचला आणि बोलणंच टाकलं.

वर्षभरानं मी त्यांना नाशकात मुंबईहून येणाऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं. ते घशातून नळी घालून श्वासनलिका आतून बघत. लोक त्याला दुर्बीण म्हणत. "भूल देईपर्यंत तोंड उघडं ठेवायचं, बोलायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं.

"न बोलायची लय सवय झाली, साहेब," साडू म्हणाले.

भूल उतरल्यावर डॉक्टरांनी वाटी पुढे धरली. वाटीत सुपारीचं काळं पडलेलं खांड होतं. क्षय नव्हताच. साडूंनी वाटी हातात घेतली. "हिच्यापायी गोठा दावला मला," एवढंच म्हणाले.

घरी पुरणपोळी झाली. पंगत उठताच दोघे भाऊ हात पसरून पुढे बसले. "द्या, दादा." साडूंनी पूर्वीसारखीच बारीक सुपारी कातरली, तबकात घातली आणि तबक मध्ये सरकवलं.

"घ्या आपापल्या हातानं. लेकरं हायेत घरात."

पुढे ते ठणठणीत होऊन पुष्कळ जगले. पण पंगतीनंतर तबकच फिरलं, आणि गोष्ट काही त्यांनी पुन्हा सांगितली नाही. मी दर वेळी वेड्यासारखा हात पसरून बसायचो. ते हसायचे आणि तबक माझ्याकडे सरकवायचे.