लपणातली शिंपीण

"बटण काय, कुणीही दाबतं," चष्मेवाले म्हणाले. सकाळपासून हे त्यांनी चौथ्यांदा म्हटलं होतं, आणि दरवेळी आत्ताच सुचल्यासारखं.

"मग चार वर्षं तुम्ही का नाही दाबलंत?" शिलाई मशीनवरची मान वर न करता त्यांच्या बायकोने विचारलं.

"समोर प्राणी यायला नको?"

"माझ्यासमोर आला."

"योगायोग. आयत्या बिळावर नागोबा."

नागोबाने दातांनी दोरा तोडला आणि दुसरी बाही घेतली.

जेवणाच्या टेबलावर वनखात्याच्या प्रदर्शनाचा अर्ज पडला होता. तो संध्याकाळी पाचच्या आत कचेरीत पोचवायचा होता. सगळे रकाने चष्मेवाल्यांनी सुवाच्य अक्षरात भरले होते. 'छायाचित्रकाराचे नाव' एवढा एकच राहिला होता, कारण तिथे पेन टेकवताच मशीनचा आवाज थांबायचा.

चष्मेवाल्यांचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना काय दिसत नाही ते सांगून कंटाळल्यावर, पन्नाशीनंतर, त्यांनी जे कुणालाच दिसत नाही ते बघायचं मनावर घेतलं. गावाबाहेरच्या जंगलात खवल्या मांजर होतं. नावात मांजर, पण मांजराशी नातं नाही. दिवसा बिळात, रात्री मुंग्यांच्या वारुळावर, आणि माणसाचा वास आला की अंगाचं गाठोडं करून गप्प. लाजाळूपणात त्याची बरोबरी करील असं घरात कुणी नव्हतं, तरी त्या मांजराच्या सोयीसाठी सगळं घर चार वर्षं बिनवासाचं झालं होतं. अंगाला लावायचा साबण बिनवासाचा. कपड्यांना पावडर नाही. जंगलात जायच्या दिवशी फोडणी बंद. सासूबाईंचं सुवासिक तेल जप्त झालं होतं. रात्री त्या दडवून ठेवलेलं थोडं पलंगाखालून काढून, दार लावून, कुणाची चाहूल नाही असं बघून लावायच्या. रात्रीच्या प्राण्यांचे फोटो काढायचेच होते तर जंगलात जायचं कारण नव्हतं.

वारुळासमोर बसायला जे लपण होतं, ते म्हणे चष्मेवाल्यांनी उभारलं. म्हणजे त्यांनी चार बांबू रोवले. त्यावरचं खाकी कापड बायकोने शिवलं होतं. दुहेरी शिवण, वाऱ्याने फडफडू नये म्हणून कडांना वजन, आणि कॅमेऱ्याचं तोंड बाहेर काढायला झाकणाची खिडकी. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला चष्मेवाले त्या खिडकीचं कौतुक सांगत. कापड कुणी शिवलं, असं कुणी विचारत नसे. कापडं शिवलेलीच असतात.

शिंपीणबाईंना याची सवय होती. सव्वीस वर्षं त्या एका मोठ्या दुकानासाठी झबली आणि सदरे शिवत होत्या. दुकानवाले कॉलरच्या आत आपल्या नावाची पट्टी लावत. ती पट्टीही बाईच शिवत, चारी बाजूंनी बारीक टाक्यांत, उसवणार नाही अशी. निम्म्या गावाच्या मानेशी त्यांचं काम होतं आणि नाव दुसऱ्याचं.

मागच्या आठवड्यात चष्मेवाल्यांना खोकला झाला. लपणात खोकला म्हणजे झालंच. वनखात्याचा लपणात बसायचा परवाना त्याच रात्रीचा होता, पुढचा तीन महिन्यांनी. परवान्यावर नवराबायको दोघांची नावं होती, कारण डबा पोचवायला कुणीतरी लागतं.

"तूच जाऊन बस," चष्मेवाले खोकत म्हणाले. "परवाना वाया नको. कॅमेरा मी लावून ठेवलाय, वारुळाच्या तोंडावर रोखलाय. हात लावू नकोस. हलू नकोस. आणि बटण दाबू नकोस उगाच."

"मग करू काय?"

"बस."

लेकीने स्कूटरवरून नाक्यापर्यंत सोडलं, वनरक्षकाने बॅटरी खाली धरून लपणापर्यंत. आणि बाई बसल्या.

बसणं ही त्यांना शिकवायची गोष्ट नव्हती. पाठ न टेकता, पाय न हलवता, डोळे एका जागी. दोन तास गेले, तीन गेले. लाल कागद लावलेल्या दिव्याच्या मंद उजेडात वारूळ तेवढं दिसत होतं. मग पाचोळ्यात कुणी बस्ता ओढत नेतंय तसा आवाज आला, आणि तो प्राणी आला. मागच्या दोन पायांवर, पुढचे पंजे छातीशी धरून, सासूबाई रात्री पाणी प्यायला उठतात तशा चालीने. खवले एकावर एक, ओळीत. बाईंनी आधी पाहिलं ते हेच, की एवढं काम आणि कुठे शिवण दिसत नाही.

त्यांनी बटण दाबलं नाही. शेपटीच्या मुळाशी काहीतरी वेगळं होतं. गाठ असावी, किंवा पिल्लू. त्या थांबल्या. वारूळ उकरून झालं, जीभ आत गेली, बाहेर आली. बाई थांबल्याच. मग त्या गाठीने डोकं वर काढून आईच्या पाठीवर हनुवटी टेकली, आणि बाईंनी बटण दाबलं. तीनदा, बस. कापड बेताने वापरायची सवय.

तो फोटो आता संगणकाच्या पडद्यावर होता आणि त्यावरून घरात बटणाची किंमत ठरत होती.

"चार वर्षं मी तिथे खपलोय," चष्मेवाले म्हणाले. "जागा मी हेरली. कॅमेरा माझा. तू एक रात्र बसलीस."

"बाबा, तुमचे चार वर्षांचे फोटो मी बघितलेत," लेक म्हणाली. ती रुग्णालयातली पाळी संपवून आली होती आणि उभ्यानेच चहा पीत होती. "नुसतं वारूळ आहे. आणि रात्री दहानंतरचा एकही फोटो नाही."

"दहानंतर मी आवाज टिपतो," चष्मेवाले म्हणाले. "फोटो म्हणजेच सगळं नसतं."

हे त्यांचं राखून ठेवलेलं हत्यार होतं. लपणात ते रात्रभर एक छोटं ध्वनिमुद्रण यंत्र चालू ठेवत. त्यात गेल्या वर्षी एक आवाज सापडला होता. खोल, संथ, मध्येच शीळ. त्यांनी तो एका तज्ज्ञांना पाठवला. तज्ज्ञांनी कळवलं होतं की प्राणी ओळखता येत नाही, पण आकाराने बराच मोठा असावा, प्रकृतीने ठणठणीत असावा आणि त्याला परिसरात कसलंही भय वाटत नसावं. ते पत्र चष्मेवाल्यांनी चौकटीत बसवून दुकानात लावलं होतं.

बाईंनी तो आवाज पहिल्याच दिवशी ओळखला होता. अठ्ठावीस वर्षं तो त्यांच्या डाव्या कानाशी होता. त्या काही बोलल्या नव्हत्या. संसारात माणसाने आपल्यापाशी थोडी शिल्लक ठेवावी.

"थांबा, ऐकवतोच," चष्मेवाले म्हणाले. "त्या अंधारात जागं राहून मी काय मिळवलंय ते कळू दे घराला." आणि त्यांनी आवाज पूर्ण मोठा करून यंत्र सुरू केलं.

सगळं घर घुमलं. शीळ आली. पुन्हा घुमलं.

आतल्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या. त्या कानातलं यंत्र बहुधा डबीतच ठेवत. आज भांडण चांगलं चाललंय असं दिसल्यावर त्यांनी ते लावलं होतं.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं झाली तुझे वडील जाऊन. आत्ता कुठे मला झोप लागायला लागलीय."

"आई, हा जंगलातला प्राणी आहे."

"मला सांगू नकोस. दोन घोर आणि एक शीळ. हुबेहूब." त्यांनी लेकाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझा फक्त थोडा बारीक आहे. त्यांची छाती भरदार होती."

लेकीने कप ओठांना लावला आणि तसाच धरून ठेवला. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि बायकोकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"पत्राला चौकट छान शोभते," बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी यंत्र बंद केलं. मग म्हणाले, "दोघांचंही नाव घालता येईल. आधी माझं, वयाने."

बाई मशीनवरून उठल्या. अंगावरचे धागे झटकले. टेबलाशी येऊन त्यांनी पेन उचललं आणि रिकाम्या रकान्यात आपलं नाव लिहिलं, सावकाश, उसवणार नाही असं. शाई वाळेपर्यंत थांबल्या. मग अर्जाची घडी करून लेकीच्या हातात दिली.

"पाचच्या आत पोचव," त्या म्हणाल्या. "पुढचा परवाना आला की लपणात मी बसणार. आजीचं तेल आजच परत द्यायचं, त्या चोरून लावतच होत्या, तरी मांजर आलं. आणि डबा हे करतील. बिनफोडणीचा."

आणि त्या राहिलेली बाही जोडायला बसल्या.