तीन पेडांची दोरी

बायकोचा उजवा हात पक्षाघाताने गेला, तेव्हा डॉक्टर म्हणाला, "मोडा पड्या, काका." म्हणजे उशीर केलात. हातगाडीपासून सुरुवात करून जन्मभर बडोद्यात धंदा केला, गुजरातीत भाव पाडले, तरी तेव्हा तो शब्द मला मराठीतच ऐकू आला. मोडलं. उशीर आम्ही केला नव्हता. दवाखान्यात त्यांनीच आम्हाला बाकावर बसवून ठेवलं होतं. हे मी त्याला ओरडून सांगितलं. अजूनही सांगत असतो, समोर कोणी असो वा नसो.

व्यायामासाठी घरी दारावर कप्पी लावायची होती. दोरीच्या दोन्ही टोकांना दांड्या. डाव्या हाताने एक ओढली की दुसरी धरलेला उजवा हात वर जातो. निजामपुऱ्यातल्या दुकानात तयार संच होता. भाव ऐकून माझं डोकं फिरलं.

"सोन्याची कप्पी आहे का रे?"

"तो घेर बनावो ने, काका," दुकानदार म्हणाला.

घरीच बनवतो, म्हटलं. कप्पी, बारीक नायलॉनची दोरी आणि आकडेवाल्या दांड्या सुट्या आणल्या. दोरीला गाठी मारून दांड्या अडकवल्या. नायलॉन गुळगुळीत, पहिल्याच ओढीला एक गाठ सरकून सुटली आणि तिचा हात खुर्चीवर आपटला.

"लागलं?"

"नाही हो. काहीच नाही."

तेच मला लागलं.

मग थिंबल आणलं. थेंबाच्या आकाराची लोखंडी कडी, बाहेरून खोबण. दोरी त्या खोबणीतून वळवायची, म्हणजे ती आकड्यावर घासत नाही. आणि टोकाला गाठ न मारता ते दोरीतच विणून टाकायचं. टोक उसवून तीन पेड मोकळे केले, दोरीचा पीळ सैल केला आणि एकेक पेड आत सारायला लागलो. कडी सारखी निसटून कॉटखाली जायची. मी दोरीला शिव्या घातल्या, दुकानदाराला घातल्या, मग डॉक्टरला.

"त्याला कशाला मधे आणता?" ती खुर्चीतून म्हणाली. "एकाच फटीत दोन पेड घातलेत तुम्ही."

"तुला काय कळतं दोरीतलं?"

"लेकीच्या वेण्या कोणी घातल्या इतकी वर्षं? पेड ते पेड. एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून. आणि दर वेळी ओढून घ्या. सैल वेणी शाळेत पोचेपर्यंत सुटते."

बोलताना तिचा डावा हात हवेत विणत होता. उजवा मांडीवर, कोणीतरी आणून ठेवल्यासारखा. ती सांगेल तसं करत गेलो. कडी घट्ट बसली. पायात अडकवून सगळा जोर लावून ओढली, तरी हलली नाही.

दांडी अडकवली, तिची बोटं एकेक करून दांडीवर मिटवली. तिने डाव्या हाताने ओढलं. उजवा चढत खांद्यापर्यंत आला आणि मूठ उघडली. दांडी नुसतीच झुलत राहिली.

पुन्हा बोटं मिटवली. पुन्हा उघडली.

"दोरी मात्र झकास झालीय," ती म्हणाली.

मी माझा रुमाल दांडीसकट तिच्या बोटांभोवती गुंडाळला आणि गाठ मारली.

"सैल आहे."

"तुला कळतंय?" मी पटकन विचारलं.

"दिसतंय."

आवळली असती. पण जास्त झालं तर ती मला सांगू शकणार नव्हती.