आमच्या गाईचा विषाणू

मुरगूडला आमच्या गोठ्यात लम्पी हा गुरांच्या गाठींचा रोग शिरला, तेव्हा मी कोल्हापुरात एका प्रयोगशाळेत जनावरांच्या विषाणूंवर काम करत होते. गाय वाचली. अंगावरच्या गाठी सुकून त्यांवर खपल्या धरल्या, तशी त्या काढून न्यायला मी चिमटा आणि बाटली घेऊन गावी गेले. वडील वैतागले. जनावर आत्ता कुठं वैरणीला तोंड लावतंय, त्याला कशाला छळतेस, असं त्यांचं म्हणणं. हा विषाणू जिवंत वाढवता आला, तरच त्याच्यावर लस किंवा औषध तपासता येईल, असं मी समजावलं. त्यांनी धुसफुसतच गाईची मान धरली.

विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागतात. आम्ही कोकराच्या पेशी प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत वाढवल्या आणि त्यांवर खपल्यांचा गाळलेला अर्क सोडला. पहिल्या खेपेला बुरशी आली, सगळं टाकून द्यावं लागलं. पुन्हा केलं, तर पेशी ठणठणीत. खपल्यांतला विषाणू मेला असणार, असं सगळेच म्हणू लागले. मला रडू फुटायचंच बाकी होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मात्र त्याच बाटलीतला द्रव ताज्या पेशींवर घालायला लावला. "विषाणू थोडा असला तर वेळ घेणारच," त्या म्हणाल्या.

मग एका सकाळी सूक्ष्मदर्शकात बघते तर काय! सलग पसरलेल्या पेशी गोल होऊन सुटत होत्या, मध्ये भोकं पडली होती. शेजारच्या, अर्क न घातलेल्या बाटलीत सगळं जागच्या जागी. मॅडमनी पाहिलं, पण पीसीआर चाचणी होईपर्यंत कुणाला सांगू दिलं नाही. संध्याकाळी निकाल आला. लम्पीच होता. एरवी कडक असणाऱ्या मॅडमनी मला घट्ट मिठी मारली.

रविवारी गावी गेले, तर फोनवर बातमी ऐकलेल्या वडिलांनी मला थेट दूध संस्थेत नेलं. रांगेतल्या प्रत्येकाला माझ्या मोबाईलमधला भोकं पडलेल्या पेशींचा फोटो दाखवायला लावला. विषाणू त्यात दिसत नाही, त्यानं केलेली नासधूस दिसते, असं मी सांगत होते.

"आगं, रोग वाढीवलास आनि हसतीस व्हय?" एका काकांनी विचारलं.

माझ्याआधी वडीलच बोलले, "हाताला गावल्याबिगर त्येला मारायचा कसा? आमच्या पोरीनं धरलाय त्येला."

एरवी त्यांच्या मागून चालणारी मी त्या दिवशी घरापर्यंत त्यांच्यापुढं दोन पावलं चालले, आणि त्यांनी चालू दिलं.