सुपारीएवढा गूळ

गावात लग्न असो, बारसं असो, लाडवाचा पाक राहीबाईच्याच हातचा. चुलीवर पातेलं चढलं की ती पाटावर बसायची आणि शेजारी गार पाण्याची वाटी ठेवायची. उकळत्या गुळाचा एक थेंब पाण्यात सोडायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची, ती ताटात टाकायची आणि कान द्यायचा. गोळी टण् वाजली की पातेलं खाली. बोट चाटून तिनं कधी पाहिलं नाही. नव्या सुनांना वाटायचं, म्हातारीला गोडाचा तिटकारा असेल. जुन्या बायकांना खरं काय ते माहीत होतं. राहीबाईनं गूळ सोडला होता.

तिचं माहेर म्हसवडच्या अलीकडचं एक खेडं. कुसळांची जमीन, पाऊस पडला तर बाजरी, नाहीतर मेंढरांच्या मागं फिरायचं. गूळ बाजारातनं यायचा, तो फडक्यात बांधून फळीवर ठेवलेला असायचा. प्रत्येक पोराच्या जन्माचा दिवस आईच्या डोक्यात असे. तारीख नव्हे. राही बैलपोळ्याची, तिचा भाऊ जत्रेच्या आदल्या दिवसाचा, असं. त्या दिवशी आई सुपारीएवढा गूळ हातावर ठेवायची आणि म्हणायची, "चावू नगंस. गालात धर, इरघळू दे." राही तो गालात धरून घागर घेऊन विहिरीवर जायची. अर्ध्या कोसाची वाट होती. घागर भरून परत दाराशी येईपर्यंत गूळ पुरला पाहिजे, असा तिचा स्वतःशीच खेळ असायचा. एखाद्या वर्षी पुरायचासुद्धा.

लग्न होऊन ती वाळवे तालुक्यात आली, इस्लामपूरपासून चार मैलांवर. सासरी उसाचा मळा आणि घरचं गुऱ्हाळ. तिनं पहिल्यांदा गुळाची अख्खी ढेप पाहिली, आणि तीही एक नव्हे, भिंतीला लागून ओळीनं. पहिल्या हंगामात तिनं भाकरीवर गरम गूळ घेऊन इतका खाल्ला, की जाऊ म्हणाली, "आगं, माणदेशातनं बाई आणली का मुंगी?" राहीबाई लाजली, पण थांबली नाही. पुढं संसार वाढला, खाणं आटोक्यात आलं, तरी दुपारी सगळ्यांचं जेवण उरकलं की सुपारीएवढा खडा गालात धरून अंगण झाडायचं, एवढी चैन तिनं सोडली नाही. त्या वेळात कुणी काही विचारलं तर ती मानेनंच हो-नाही करायची.

एकसष्ट साली थोरला लालासाहेब भरती होऊन बेळगावला गेला. नवऱ्याला, नानासोंना, त्याचा अभिमान वाटला. घरोघरचं एक पोरगं पलटणीत असलेलं ते गाव. राहीबाई मात्र माहेरी गेली आणि म्हसवडच्या सिद्धनाथाच्या देवळात पायरीशी बसून म्हणाली, "माझा लाला नोकरी पुरी करून धडधाकट घरला येऊ दे. तवर मी गूळ तोंडात घालणार न्हाई. त्याच्या हातचा, तुझ्या दारात खाईन."

एवढा मोठा नवस कशाला, असं नानासो म्हणाले. नारळ चालला असता. राहीबाई म्हणाली, "नारळ काय, कुनीबी देतंय."

लालासाहेब जन्मला रथसप्तमीला. शाळेच्या मास्तरांनी दाखल्यावर एक जून लावली होती आणि पलटणीतही तीच होती, पण राहीबाई ती तारीख मानत नसे. दर रथसप्तमीच्या आधी पंधरा दिवस ती शेंगदाण्याचे आणि तिळाचे लाडू करायची, पत्र्याच्या डब्यात भरायची, डबा मांजरपाटात शिवायची, आणि वर मास्तरांकडून पत्ता घालून घ्यायची. पत्त्याच्या शेवटी छप्पन ए.पी.ओ., म्हणजे फौजेचं टपालघर, असं असायचं. ते एक गाव आहे आणि तिथं थंडी फार आहे, अशी तिची बरीच वर्षं समजूत होती.

सहासष्ट साली लालासाहेबाचं लग्न झालं. सून विजयमाला कासेगावकडची, कमी बोलणारी. सुट्टी संपली की नवरा जायचा आणि ती दुसऱ्या दिवशी पहाटे उठून जातं ओढायची. तिला काय वाटतं हे कुणी विचारत नसे. राहीबाईनंही कधी विचारलं नाही. आईचं वाट पाहणं घराला दिसत होतं. बायकोचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग कारखाना उभा राहिला. उसाच्या गाड्या तिकडं वळल्या, घरचं गुऱ्हाळ थंडावलं, आणि नानासो सभासद असल्यामुळं घरात साखर येऊ लागली. आधी गुळाचा चहा असायचा, तो राहीबाई कोराच, बिनगोडाचा घ्यायची. आता साखरेचा झाला. एकदा शेजारची चंद्राबाई चहाला बसली होती. ती म्हणाली, "आवं राहीआक्का, तुमी सोडला त्यो गूळ. साखर कवा सोडलीसा?"

"त्ये बी खरंच की."

"मग? घाला की चमचाभर. द्येव काय कपात डोकावतोय व्हय?"

राहीबाईनं चमचाभर घातली. गोड चहा घशाखाली गेला तेव्हा तिचे डोळे आपोआप मिटले. नऊ वर्षं झाली होती.

चहावर भागलं असतं, पण भागलं नाही. तिनं पितळेची एक डबी काढली, पूर्वी मिश्रीची होती ती. तिच्यात साखर भरून ती उतरंडीमागं ठेवली. दुपारी सगळ्यांचं उरकलं की चिमूटभर. साखर गालात टिकत नाही, लगेच विरघळते, म्हणून आणखी चिमूटभर. कारखान्याची साखर नवसात नव्हती. नवस बोलली तेव्हा कारखाना तरी कुठं होता? हे तिनं स्वतःला इतक्यांदा सांगितलं, की कुणीतरी तिला उलट विचारतंय असं वाटावं.

एक मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. डबी कधी रिकामी होत नसे. तिला वाटायचं, आपण फारच थोडी खातो.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. महिनाभर लालासाहेबाचं पत्र नाही. गावात तार आली की बायका दारात उभ्या राहत, पोस्टमन कुठल्या गल्लीला वळतो ते पाहत. राहीबाई देव्हाऱ्यापुढं बसली आणि मनात म्हणाली, साखरबी सोडली. चहाबी सोडला. पोराचं पत्र येऊ दे.

पत्र आलं. मी खुशाल आहे, काळजी नसावी. तिनं आठ दिवस साखर खाल्ली नाही. नवव्या दिवशी थंडी होती, विजयमालानं सगळ्यांचा चहा केला आणि तिच्यापुढंही कप ठेवला. राहीबाई कपाकडं बघत राहिली. मी बोलले ते पत्रापुरतं, असं तिनं ठरवलं आणि कप उचलला. महिन्यानं डबीही पुन्हा उघडली. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात तिच्या पायात उसाचं खोडकं घुसलं. हळद भरली, पाला बांधला, पण जखम भरेना. दोन महिन्यांनी पाय काळानिळा दिसायला लागला, तेव्हा विजयमाला तिला घेऊन सांगलीला गेली. डॉक्टरांनी नळीत लघवी उकळली. निळं औषध बघता बघता विटेसारखं लाल झालं.

"गोड फार खाता का आजी?"

"गूळ तेरा वर्सं तोंडात घातला न्हाई."

"आणि साखर?"

राहीबाईनं जमिनीकडं पाहिलं. विजयमालानंही जमिनीकडंच पाहिलं.

"आता गूळ नाही, साखर नाही, काही नाही," डॉक्टर म्हणाले. "गोड म्हणजे तुम्हाला विष. पाय वाचवायचा असेल तर ऐका."

पाय वाचला, करंगळी गेली. नानासो घरी म्हणाले, "शेअर माझा आन् साखर हिच्या अंगात." सगळे हसले. चंद्राबाई गल्लीत सांगत सुटली, की जिनं गुळाला तोंड लावलं नाही तिलाच गोडाचा आजार झाला, म्हणजे काय म्हणावं देवाला. राहीबाई हसली नाही. देवाला काय म्हणावं हे तिला चांगलं कळत होतं. तिनं फसवलं होतं आणि पकडली गेली होती. करंगळी गेली त्याचं दुःख नव्हतं. एवढ्यावरच भागलं असेल का, ही धास्ती होती. नवस पोरासाठी बोललेला. तो आपण मोडला, तर पुढची शिक्षा आपल्याला होईल की त्याला? लालासाहेबाची नोकरी अजून दोन वर्षं होती, आणि तो कुठंतरी बर्फात होता. त्या दिवसापासून तिनं खरोखरच काही गोड खाल्लं नाही. भाकरी, भाजी आणि कोरा चहा. डबी उतरंडीमागं तशीच राहिली.

शहात्तरच्या डिसेंबरात लालासाहेब पेन्शनीवर आला. काळी ट्रंक, वळकटी, कानाशी पांढरे केस. हात, पाय, डोळे सगळं जागेवर. राहीबाईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसली. तिला रडू आलं नाही, नुसता दम लागला.

"आये, आता नवस फेडायचा," तो म्हणाला. "रथसप्तमीला जाऊ. माझ्याच वाढदिवसाला. पलटणीत मेजरसाबाच्या पोराचा केक कापायचे, मी ताटं उचलायचो. म्हटलं आपला असा एक तरी दीस हूं दे."

"डाक्तर नगं म्हनलाय."

"येवढासा तुकडा. त्यानं काय हुतंय?"

तिनं मान हलवली. येवढाशा तुकड्यानं काही होत नाही, हे तिला ठाऊक होतं. तो गोड लागेल, याचीच तिला भीती वाटत होती. पंधरा वर्षं ज्याची वाट पाहिली, तो खडा आपल्या हक्काचा नाही आणि देवाच्या दारात तो खाणं म्हणजे तिसऱ्यांदा फसवणं.

रथसप्तमीला आई, मुलगा आणि सून असे तिघंजण यष्टीनं निघाले. कराडला गाडी बदलली. वडूज गेल्यावर ऊस संपला, कुसळं आणि मेंढरं दिसू लागली, आणि राहीबाई खिडकीशी सरकून बसली. विजयमालाच्या मांडीवर लाडवांचा डबा होता. यंदा तो मांजरपाटात शिवावा लागला नव्हता.

देवळात गर्दी नव्हती. दर्शन झालं, नारळ फुटला. लालासाहेबानं खिशातनं कागदाची पुडी काढली आणि गुळाचा खडा तळहातावर घेतला. पिवळाधमक, नव्या हंगामाचा. त्यानं मुद्दाम लहान आणला होता, सुपारीएवढा.

"घे आये."

राहीबाई पायरीवर बसली. "न्हाई खायची मी."

"का गं?"

"मोडलाय त्यो. माझ्या हातनं मोडलाय." आणि तिनं सांगितलं. चहाचं सांगितलं, डबीचं सांगितलं. लढाईत पत्र येईना तेव्हा काय बोलली आणि नवव्या दिवशी काय केलं, तेही. शेवटी म्हणाली, "तू तिकडं गोळ्यांत हुतास, आन् मला साखर सुटंना."

लालासाहेब हसू लागला होता, पण तिचा चेहरा बघून थांबला. "खुळी का काय तू? द्येवाला साखर काय आन् गूळ काय."

"त्येच म्हनतीया मी. त्याला सारखंच. म्हंजी मोडलाच की."

खडा त्याच्या तळहातावर तसाच राहिला, उन्हानं जरासा ओलसर झाला. विजयमाला खांबाशी उभी होती. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "आत्याबाई, डबी मीच भरत हुते."

राहीबाईनं वर पाहिलं.

"उणी दिसली की भरायची. तुमी दुपारचं उगंच भिताडाकडं बघत बसायचा, डबी आल्यापासनं जरा बऱ्या दिसायला लागलासा. मला काय ठावं त्यातनं आजार हुतोय. पाप असंल तर निम्मं माझं हाय."

"तुझं कसलं पाप गं?"

"पर नवस न्हाई मोडला," विजयमाला म्हणाली. "मी न्हाई खाल्ला गूळ. साखरबी न्हाई. लगीन होऊन आले, ह्ये सुट्टी सपवून गेले, त्या दिसापासनं."

"नवस बोलली हुतीस?"

"न्हाई. कुनापाशी बोलायचं? तुमी खात नव्हता, ह्ये हितं नव्हते. मला गिळंना, येवढंच."

"दहा वर्सं? आन् चहा?"

"कोराच. तुमी कवा बघितलाच न्हाई माझा कप."

हे खरं होतं. एकाच चुलीपुढं दोघी दहा वर्षं बसल्या होत्या. पाकाच्या गोळीचा आवाज राहीबाईला ऐकू यायचा. शेजारचा कप तिला दिसला नव्हता. लालासाहेब बायकोकडं असा बघत होता, जणू सुट्टीवर आल्यावर नेहमी भेटायची ती ही नव्हे.

राहीबाई पायरीवरून उठली. गेलेल्या करंगळीमुळं ती उठताना जरा कलायची. तिनं मुलाच्या तळहातावरला खडा उचलला. सुनेपुढं जाऊन उभी राहिली.

"आ कर."

"आत्याबाई, तुमचा हाय त्यो."

"ज्यानं पाळलं त्याचा. आ कर म्हनते न्हवं."

विजयमालानं तोंड उघडलं. राहीबाईनं खडा तिच्या जिभेवर ठेवला आणि बोटांना चिकटलेला ओलावा पदराला पुसून टाकला, नीट, एकेक बोट. मग ती सुनेच्या गालाकडं बघत राहिली. गाल एका बाजूला फुगला होता, आणि डोळ्यांतलं पाणी ओठापर्यंत आलं होतं. सुनेचे दात हलले तसा राहीबाईनं तिच्या हनुवटीला हात लावला.

"चावू नगंस," ती म्हणाली. "गालात धर. इरघळू दे."