हेल्मेटमधली दुसरीच पोरगी

हॉकीपायी मी माझ्या मेव्हण्याशी चार वर्षं धड बोललो नव्हतो. तो नांदेडकडच्या नायगावचा, शिकला नांदेडला, आणि त्याच्या कॉलेजच्या टीमनं आमच्या लातूरच्या कॉलेजला दर वर्षी फायनलमध्ये हरवायचं, असं जणू ठरलेलंच होतं. हरलो की संध्याकाळच्या आत त्याचा फोन यायचा. "भावजी, कसं काय, बरं हाय का?" एवढंच विचारायचा. मी फोन बायकोकडं द्यायचो.

मी स्वतः कॉलेजात असताना लेफ्ट हाफ खेळायचो. दोनदा फायनल खेळलो, दोनदा हरलो. पुढं गंजगोलाईच्या बाजारात वडिलांच्या भांड्याच्या दुकानावर बसलो, पोट सुटलं, पण ते हरणं काही सुटलं नाही. आम्ही आठ-दहा जुने खेळाडू होतो. स्पर्धा लागली की क्रूझर जीप करून नांदेडला जायचो. लोह्याला थांबून भजी खायची आणि मैदानावर उतरलं की घसा बसेपर्यंत ओरडायचं. नांदेडच्या पोरांना आम्ही काय काय बोलायचो ते आज लिहायला हात धजत नाही. त्यातला एखादा पोरगा पायावर बॉल बसून खाली पडला, तर आम्ही टाळ्या वाजवायचो. चांगली पोरंबाळं असलेली, सोमवारी महादेवाला बेल वाहणारी माणसं होतो आम्ही.

मुलींची टीम निघाली तेव्हा कॉलेजचे क्रीडा शिक्षक माझ्याकडं आले. त्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे, मीही तसंच म्हणतो. सर म्हणाले, "औशाला शाळांच्या मॅची हायत. एक गोलकीपर बघायची हाय. चला."

औशाला जी पोरगी पाहिली ती शिरूर अनंतपाळची. शाळेकडं हॉकीचं किट नव्हतं म्हणून तिनं क्रिकेटचे पॅड बांधले होते आणि डोक्यावर कुणाचं तरी मोटारसायकलचं हेल्मेट. ते सारखं डोळ्यांवर यायचं. ती एका हातानं ते वर सारायची आणि दुसऱ्या हातानं बॉल अडवायची. समोरची टीम तासभर गोल मारायला बघत होती. एकही गेला नाही. मॅच संपल्यावर तिनं पॅड सोडले, नीट झटकले आणि ज्याचे होते त्या पोराला नेऊन दिले. मला तिचा खेळ आवडला होताच, हे झटकून परत देणं जास्त आवडलं.

पुढच्या आठवड्यात सर आणि मी तिच्या घरी गेलो. वडील शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, मागं घर. गेल्या गेल्या कळलं की आदल्या दिवशीच नांदेडच्या कॉलेजचे कोच येऊन गेले होते. पिढ्यान् पिढ्या नांदेडातच राहिलेले सरदारजी, पांढरी दाढी, माझ्या वेळेपासून त्यांची टीम तेच घडवायचे. त्यांचं नाव ऐकताच मला चेव चढला. खरं सांगतो, त्या क्षणाला मला पोरगी दिसेनाशी झाली. नांदेडच्या हातातून काहीतरी हिसकायचंय, एवढंच दिसत होतं.

मी बोलायला बसलो. धंद्यातली जीभ. लातूर जवळ आहे, सकाळी बसलं की दुपारी पोरगी घरी येऊ शकते. माझं घर कॉलेजपासून दहा मिनिटांवर. तिला काही लागलं तर माझी बायको आहे. तिची आई मागच्या दारातून म्हणाली, "न्हेताव तर न्हेताव, पर खेळवणार का? का नुस्तं नाव लावणार?"

"गोलमध्ये हीच उभी राहील," मी म्हणालो. "महादेवाची आण. माझी जबान समजा."

वडिलांनी मशीनवरचा पाय काढला. मग चहा ठेवायला सांगितला.

पहिलं वर्ष ती खेळली. आम्ही सेमीफायनलमध्ये हरलो, पण तिच्यामुळं कमी हरलो असं सगळे म्हणायचे. रविवारी ती आमच्या घरी जेवायला यायची. मला काका म्हणायची. दुकानात आली तर बसून राहायची नाही, डबे पुसून फळीवर लावायची. मी तिला रागवायचो, ती ऐकायची नाही.

दुसऱ्या वर्षी फायनलच्या दिवशी आमची जीप उशिरा पोचली. मैदानावर चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या, दोन्ही टीम उतरत होत्या. मी पायऱ्यांवर जागा शोधत होतो तर सगळ्यात वरच्या पायरीवर, ओढणीनं तोंड बांधून, ती बसलेली. डोळ्यांवरून ओळखली.

"तू इथं कशी? लागलं का काही?"

तिनं मान हलवली. "सरांनी बोलू नको म्हणलंय."

तेवढ्यात लाऊडस्पीकरवर लातूरच्या खेळाडूंची नावं सुरू झाली. गोलकीपर म्हणून तिचं नाव आलं, पुरं, वडिलांच्या नावासकट. खाली गोलमध्ये पॅड, हेल्मेट चढवलेली एक उंच पोरगी हात वर करून उभी राहिली. पुढच्या पायऱ्यांवरच्या आमच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मला हळूहळू समजलं. नंतर ती सगळं बोलली, पण तेव्हाच अर्धं लक्षात आलं होतं. सरांनी तीन दिवसांपूर्वी बाहेरच्या राज्यातून चार पोरी आणल्या होत्या. तिघींचे प्रवेशाचे कागद कसेबसे बसले. चौथीचे बसले नाहीत. ती गोलकीपर होती, आणि गोलकीपरचं तोंड झाकलेलं असतं. मग हिचं ओळखपत्र तिच्या हातात दिलं आणि हिला सांगितलं, तोंड बांधून बस, नाहीतर होस्टेलची खोली सोड.

मी काय केलं? मी तिच्या शेजारी बसलो. आता मॅच होऊ द्यावी, नंतर सरांना धरावं, असं मनाशी म्हणालो.

मॅच रंगली. त्या परक्या पोरीनं पहिल्या हाफमध्ये एक बॉल डाव्या खांद्यावर झेलला, तो आवाज पायऱ्यांपर्यंत आला. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही दोन-एक असे पुढं. शेवटच्या मिनिटांत नांदेडला पेनल्टी कॉर्नर मिळाला. तिनं तो आडवं पडून अडवला, आणि आमची सगळी माणसं उभी राहून हिच्या नावाचा गजर करायला लागली. हिच्या नावाचा. मीही उभा होतो. मीही ओरडत होतो. मुठी आवळून, तिचं नाव, पुन्हा पुन्हा. ओरडता ओरडता खाली पाहिलं तर ती गुडघ्यांवर हात ठेवून सरळ समोर बघत बसली होती.

शिट्टी झाली. आयुष्यात पहिल्यांदा लातूर जिंकलं. मला कुणीतरी उचललं, मी कुणाला तरी उचललं. गुलाल निघाला.

त्या गडबडीत मी पाण्याच्या टाकीकडं गेलो. टाकीमागं ती उंच पोरगी हेल्मेट काढून केळं खात बसली होती. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. मला बघून चटकन उभी राहिली. कॉलेजचाच कुणी असेन असं तिला वाटलं.

"अंकल, कोई पूछे तो मेरा नाम क्या बताना है? फिर से बता दो, भूल गई।"

मी परत फिरलो, तर समोरून सर पळत येत होते.

नांदेडच्या कोचनं हरकत घेतली होती. गोलकीपरला समितीपुढं उभी करा, म्हणत होते. सरांनी माझा हात धरला. "आपली पोरगी तुमचंच ऐकते. खोलीत जाऊन किट घालायला सांगा. पाच मिनिटाचं काम हाय."

"सर, हे काय करायलाव तुमी?"

"आता इचारायचं का? जिंकल्यावर?" ते म्हणाले. "लातूरची इज्जत हाय."

मी वर गेलो. तिला सांगितलं. ती म्हणाली, "काका, तुमी सांगत असाल तर घालते."

मी म्हणालो, "घाल."

एवढंच. एक शब्द. पुढं कितीतरी दिवस दुकानात गिऱ्हाईकाशी बोलता बोलता तो माझ्याच तोंडून मला ऐकू यायचा.

ती किट घालून बाहेर आली तेव्हा ते दुसरीच्या घामानं ओलं होतं. छातीचं गार्ड माझ्यापासून हातभर लांब होतं तरी मला वास येत होता. तिनं ओठ घट्ट मिटले होते. टेबलामागं समितीचे दोघं होते, बाजूला कोच. तिनं हेल्मेट काढलं. आतले केस कोरडे, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या, जागच्या जागी. बघणाऱ्याला आणखी काय पाहिजे होतं?

कोचनी ओळखपत्र हातात घेतलं आणि तिला फार हळू विचारलं, "बेटा, डाव्या खांद्याला बॉल बसला. दुखतं का?"

तिनं उजव्या खांद्याला हात लावला. मग डाव्या. मग म्हणाली, "न्हाई."

कोच समितीवाल्याकडं वळले. "समजा हे खोटं निघालं. शिक्षा कुणाला?"

"टीम बाद. आणि कार्ड जिचं, तिच्यावर बंदी."

"आणि जी खेळली ती?"

"तिचं इथं नावच नाही ना. तिला काय करणार?"

कोचनी ते कार्ड टेबलावर ठेवलं. "माझी गलती झाली," ते म्हणाले. "तक्रार मागं घेतो." आणि सही केली. जाताना माझ्याजवळ थांबले. "त्या घरी मी पण गेलो होतो. तिचे वडील दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले, सरदारजी, माफ करा, लातूरच्या माणसानं जबान दिलीय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं.

मागं सर तिच्या कपाळाला गुलाल लावत होते आणि कुणीतरी त्यांचा फोटो काढत होतं.

चार-पाच दिवसांनी सकाळी ती बॅग घेऊन दुकानात आली. विजेतेपदाचं प्रमाणपत्र गल्ल्याशेजारी ठेवलं. "काका, नाव माझं हाय, पर हे माझं न्हाई." मी बस म्हणालो, पाणी दिलं. ती पाणी प्याली, स्टँडवर गेली आणि गावी निघून गेली.

मी शिरूर अनंतपाळला जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. काहीही न लपवता. ते मशीन चालवत ऐकत होते, शेवटी थांबले. "खरं सांगायला आलाव का माफी मागायला?"

"दोन्ही."

"माफी तिची मागा."

ती मागच्या दाराशी उभी होती. म्हणाली, "काका, तुमी घाल म्हणलाव त्याचं काय न्हाई. म्हणताना माझ्याकडं बघितलंच न्हाई, त्याचं लई वाटलं." मग म्हणाली की ती स्वतः अर्ज देणार आहे.

"बंदी येईल तुझ्यावर," मी म्हणालो.

"येऊ द्या. माझ्या नावावरचं खोटं मला काढायचंय."

अर्ज तिनं स्वतःच्या हातानं लिहिला. साक्षीदार म्हणून मी सही केली. जे व्हायचं ते झालं. विजेतेपद गेलं, तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली. सरांनी लेखी दिलं की मुलींनी आपसांत परस्पर केलं, आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं. आमच्या आठ-दहा जणांपैकी एकालाही ते वाचून लाज वाटली नाही. लाज वाटली ती माझी. 'नांदेडचा जावई' म्हणून मला हाका मारायला लागले. एके दिवशी सकाळी दुकान उघडायला गेलो तर शटरवर पानाच्या पिचकाऱ्या, कुलपावर सुद्धा. मी बादली आणून धुतल्या. जे थुंकले त्यांच्याबरोबर मी वीस वर्षं एका जीपमधून जात होतो, आणि मैदानावर आम्ही सगळे मिळून जे करत होतो ते याहून वेगळं नव्हतं, हे धुताना कळत होतं.

ती पोरगी आता उदगीरला नर्सिंग शिकते. सणाला माझ्या बायकोला फोन करते. हॉकीचा विषय काढत नाही, आम्हीही काढत नाही.

यंदा जूनमध्ये सर दुकानात आले, जणू मधे काही घडलंच नव्हतं. खुर्ची ओढून बसले, मोबाईल काढला आणि बोटानं एकेक फोटो सरकवत मला दाखवायला लागले. "ही बघा. उंची बघा हिची. ही दुसरी, मनगट बघा. नांदेडवाले हिच्या मागं हायत, पर आपून आधी गाठली." हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैलाचा जबडा उघडून दात बघतात, अगदी तसं चाललं होतं. फोटोतल्या पोरी स्टिक हातात धरून हसत होत्या.

"सर, उठा," मी म्हणालो.

"अहो, बघा तर."

"उठा आणि पायरी उतरा."

ते हसले. मोबाईल खिशात घातला, खुर्ची होती तिथं सरकवली आणि चार दुकानं सोडून, आमच्यातलाच एक जुना सेंटर फॉरवर्ड कापडाचं दुकान चालवतो, तिथं जाऊन बसले. थोड्या वेळानं तिथून आवाज आला, "वा! उंची हाय की!"